कुकडीच्या काठाने

कुकडी नदी जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटमाथ्यावरच्या पूर गावाजवळ उगम पावते. पूर्वेकडे वाहत ती घोडला मिळते आणि घोडचे पाणी पुढे भीमेत जाते. महाराष्ट्रातल्या मोठ्या नद्यांत तिची गणती होत नाही. पण तिच्या उगमापासून निघोजच्या कुंडांपर्यंतच्या पट्ट्यात सातवाहन राणीचा शिलालेख आहे, शंभराहून कितीतरी अधिक लेणी आहेत, शिवाजी महाराजांचे जन्मस्थान आहे, सुमात्रातल्या ज्वालामुखीची मानली जाणारी राख आहे आणि आकाशातले रेडिओ संदेश टिपणारी जगातली एक महत्त्वाची दुर्बीणही आहे. या पट्ट्याच्या मध्यावर जुन्नर हे तालुक्याचे गाव वसले आहे. पुण्याहून ते साधारण ९५ किलोमीटरवर आहे. २०१८ मध्ये राज्य शासनाने जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला.

दर्जा मिळाला, तरी सहलीची रीत फारशी बदलली नाही. पुण्या-मुंबईहून पहाटे निघालेली गाडी ओझरचा विघ्नहर करते, लेण्याद्रीचा गिरिजात्मज करते, जमल्यास दुपारच्या उन्हात शिवनेरीची धावती चढण होते आणि दिवेलागणीला परतीचा रस्ता धरला जातो. अष्टविनायकांपैकी दोन गणपती एकाच तालुक्यात असल्याने हे गणित सोपे वाटते. त्यात गणपतीचे दर्शन घडते, पण लेणे राहते आणि गड नुसता चढला जातो. लहान मुले आणि आजी-आजोबा बरोबर असलेल्या कुटुंबाला हा कार्यक्रम सर्वांत जाचक. त्यापेक्षा एका दिवशी नदीचा एकच टप्पा घ्यावा आणि तो निवांत पाहावा, हे अधिक शहाणपणाचे.

नदीच्या क्रमाने गेले की भूगोलही आपोआप कळत जातो. पश्चिमेला धो धो पावसाचा घाटमाथा, भाताची खाचरे आणि हिरड्याची झाडे. मध्ये धरणांच्या पाण्यावरचा ऊस, द्राक्षे आणि टोमॅटो. पूर्वेला पर्जन्यछायेतली बाजरी आणि कांदा. शाळेच्या पुस्तकात सह्याद्री पाऊस कसा अडवतो याची आकृती असते. तोच धडा इथे एसटीच्या खिडकीतून पाहायला मिळतो.

उगमाजवळ कुकडेश्वराचे देऊळ आहे. काळ्या पाषाणातले हे नक्षीदार शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले मानतात. झंझ राजाने नद्यांच्या उगमांवर बारा शिवालये बांधली, अशी जी परंपरा सांगतात, त्या बारांत याचे नाव घेतले जाते. देऊळ मोठे नाही. शांतपणे पाहिले तर तासाभरात भिंतीवरच्या मूर्ती आणि खांबांवरचे कोरीवकाम पाहून होते. वाटेवर चावंडचा किल्ला लागतो. तिथे कातळात खोदलेली सात टाकी एकमेकांना लागून आहेत. मात्र गडाच्या वरच्या पायऱ्या खड्या आणि झिजलेल्या आहेत, त्यामुळे दहा-बारा वर्षांखालच्या मुलांना घेऊन चढण्याची ही जागा नव्हे. शेजारच्या जीवधनबद्दल तर तेच अधिक ठासून सांगायला हवे. निजामशाहीचा शेवटचा बालराजा मुर्तजा याला जिथे ठेवले होते, तो हा गड. शहाजीराजांनी त्याला तिथून नेऊन पेमगिरीवर गादीवर बसवले. जीवधन खालून पाहावा, शेजारचा वानरलिंगीचा सुळका मुलांना दाखवावा आणि घाटघरकडे पुढे निघावे.

घाटघरच्या पठाराच्या कडेला नाणेघाट आहे. जुन्नरपासून हे अंतर तीस-पस्तीस किलोमीटर भरते. कल्याण आणि सोपारा या बंदरांतला माल देशावर चढवण्यासाठी सातवाहनांच्या काळी ही वाट वापरली जाई. माल जुन्नरला येई आणि तिथून पैठण, तेरकडे जाई. जुन्नर हे गाव मुळात मोठे झाले ते या वाटेमुळे. घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत, असे येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले जाते. त्याचा लेखी पुरावा नाही आणि वाटसरूंच्या पाण्यासाठीही तो असू शकेल. पण जकातीची गोष्ट मुलांच्या लक्षात पक्की बसते, म्हणून तीच चालत राहणार.

खरे मोल आहे ते रांजणापासून थोडे खाली उतरल्यावर लागणाऱ्या लेण्याचे. हे लेणे राहण्यासाठी वा पूजेसाठी खोदलेले दिसत नाही. त्याच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख आहे. सातकर्णी राजाची राणी नागनिका हिचा तो लेख इ.स.पूर्व पहिल्या शतकातला मानला जातो. राजा-राणीने केलेले वैदिक यज्ञ आणि त्यांत दिलेली दाने त्यात नोंदली आहेत. गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी किती दिली, हे आकड्यांत कोरले आहे. भारतीय अंकचिन्हांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी हा एक, त्यामुळे गणिताच्या इतिहासाच्या पुस्तकांत नाणेघाटाचे नाव हमखास येते. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे एकाखाली एक दोन रेघा. तिसरी-चौथीतले मूलही भिंतीवर ती शोधू शकते. मोठी संख्या लिहायला मात्र वेगळी चिन्हे आहेत, कारण शून्य वापरून स्थानाप्रमाणे किंमत बदलण्याची पद्धत तेव्हा नव्हती. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज मूर्ती उरलेल्या नाहीत. उरली आहेत ती त्यांच्या डोक्यावर कोरलेली नावे. सिमुक सातवाहन हे घराण्याच्या मूळ पुरुषाचे नाव त्यांतच आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

पावसाळ्यात नाणेघाटावर गाड्यांची रांग लागते. त्यामागे शिलालेख नसून उलटा धबधबा आहे. कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटून वर उसळतो आणि पडणारे पाणी परत माथ्यावर उडवतो. दृश्य देखणे आहे, यात वाद नाही. पण त्या धुक्यात भिंतीवरचे एक अक्षर दिसत नाही, कड्याचा काठ ओला असतो आणि वाऱ्याचा भरवसा नसतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. त्यानंतर पुणे जिल्ह्यातल्या पावसाळी ठिकाणांवर प्रशासनाने मनाईचे आदेश काढले. आता दर पावसाळ्यात निघण्यापूर्वी असे आदेश पाहून घेणे भाग आहे. लेख वाचायला यायचे असेल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्याच्या तोंडाशी आले तर आणखी एक गोष्ट पाहायला मिळते. इथल्या महादेव कोळी वाड्यांच्या अंगणात बाळहिरडा वाळत पडलेला असतो. कोवळा हिरडा झोडून, वाळवून, व्यापाऱ्याला घालणे हा या भागातल्या आदिवासी कुटुंबांच्या रोख उत्पन्नाचा मोठा आधार आहे. तो वेचायला माणसे भल्या पहाटे रानात जातात. सहलीला आलेल्याने अंगणातल्या वाळवणावरून गाडी वळवू नये, एवढे भान पुरे.

घाटघरहून परत फिरताना माणिकडोह धरणाचे पाणी दूरवर साथ करते. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगाव तालुक्यातले डिंभे या पाच धरणांचा मिळून कुकडी प्रकल्प होतो. यांचे पाणी पुण्याबरोबरच अहिल्यानगर आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या दुष्काळी तालुक्यांपर्यंत कालव्यांनी जाते. त्या पाण्याच्या वाटपावरून होणारी भांडणे दर उन्हाळ्याची. धरणांनी तालुक्यात ऊस आणला आणि उसाबरोबर बिबट्या गावात आला. दाट, गारवा असलेला, वर्षभर उभा राहणारा ऊस त्याला लपायला आणि पिल्ले घालायला सोयीचा पडला. गावातली कुत्री आणि शेळ्या त्याचे भक्ष्य झाली. २००१ ते २००३ या काळात माणसांवरचे हल्ले अचानक वाढले. बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याने प्रश्न सुटत नाही, उलट चिघळतो, असे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे आले. पकडलेल्या, जखमी झालेल्या आणि परत सोडता न येणाऱ्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. ते प्राणिसंग्रहालय नव्हे. सहलीच्या यादीत ते टाकून दारात हुज्जत घालण्यात अर्थ नाही. बिबट्याचा संबंध सहलीशी येतो तो वेगळ्या अंगाने. दिवस मावळल्यावर उसाच्या कडेने पायी फिरू नये, मुलांना एकटे शेताकडेला बसवू नये आणि परतीची वेळ उजेडातली ठेवावी.

नदीचा पुढचा टप्पा म्हणजे खुद्द जुन्नर. गावाच्या भोवतीच्या डोंगरांत लेण्यांचे गट आहेत. शिवनेरी, तुळजा, मानमोडी आणि लेण्याद्री हे त्यांतले मुख्य. एका गावाच्या आसपास बौद्ध लेण्यांची एवढी दाटी भारतात दुसरीकडे नाही. इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या सुमारापासून पुढची तीनेकशे वर्षे ही खोदाई चालू होती. अजिंठ्यासारखी चित्रे इथे नाहीत, वेरूळसारखी भव्य शिल्पेही नाहीत. त्यामुळे ‘पाहण्यासारखे काय आहे?’ असा प्रश्न येतो. पाहायचे ते दान देणाऱ्यांना. व्यापारी, सोनार, श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांच्या संघटना, आणि परदेशी माणसे यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे कोणी खोली, कोणी पाण्याची पोढी, कोणी दर्शनी भाग खोदवला. त्याची नोंद दोन-तीन ओळींत कोरून ठेवली. ‘यवन’ म्हणवणारे तीन दाते या लेखांत आहेत. त्यांतल्या इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या, तर चंद नावाच्या यवनाने मानमोडीच्या एका चैत्यगृहाचा दर्शनी भाग. कमानीवर लक्ष्मी आणि तिच्यावर पाणी घालणारे हत्ती आहेत. ग्रीक वळणाचा माणूस, बौद्ध लेणे आणि दारावर गजलक्ष्मी हा मेळ त्या काळच्या जुन्नरच्या बाजारपेठेबद्दल पुष्कळ सांगून जातो. मानमोडीतच नहपान या क्षत्रप राजाच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख आहे. त्यात ४६ हे वर्ष कोरले आहे. सातवाहनांचे हे ठाणे मध्यंतरी शकांच्या हाती गेले होते, याचा हा दगडी दाखला.

कुटुंबासाठी या गटांतला सर्वांत सोयीचा गट तुळजा लेण्यांचा. गावाच्या पश्चिमेला चार-पाच किलोमीटरवर तो आहे, चढण बेताची आहे आणि गर्दी जवळजवळ नसते. इथले चैत्यगृह गोल आहे. चैत्यगृह म्हटले की मागे अर्धगोल असलेला लांबट दिवाणखाना डोळ्यांपुढे येतो. कार्ले, भाजे तसेच आहेत. तुळजात मधोमध स्तूप, त्याभोवती बारा अठपैलू साधे खांब आणि वर खोदलेला घुमट अशी रचना आहे. भारतात अशी गोल चैत्यगृहे फार थोडी. दर्शनी भिंत कोसळून गेल्यामुळे आत उजेड थेट येतो आणि खांबांवरचे छिन्नीचे घाव स्पष्ट दिसतात. एका खोलीत पुढे कधीतरी तुळजाभवानीची स्थापना झाली आणि त्यावरून सगळ्या गटाला नाव पडले. या खांबांमध्ये मुलांनी स्तूपाला एक फेरी घालावी. प्रदक्षिणेची वाट म्हणजे काय, हे मग समजावून सांगावे लागत नाही.

लेण्याद्री गावापासून पाच किलोमीटरवर, कुकडीच्या उत्तरेला. पायऱ्या पावणेतीनशेच्या वर आहेत. चढवत नसेल त्यांना डोलीची सोय आहे. वाटेवर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे तिकीट घ्यावे लागते. पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. गणपतीच्या दर्शनाला तिकीट कशाला, ही कुरकुर भाविकांकडून नेहमी ऐकू येते. तिकीट गणपतीचे नसून लेण्याचे आहे, आणि गणपतीच लेण्यात बसला आहे, अशी ही अडचण. सातव्या क्रमांकाचे ते लेणे म्हणजे भिक्खूंचा विहार. मधले प्रशस्त दालन एकाही खांबाच्या आधाराशिवाय उभे आहे आणि तिन्ही भिंतींत मिळून वीस खोल्या आहेत. मागच्या भिंतीत गिरिजात्मजाची जागा आहे. देवळाच्या रांगेत उभे राहिलेल्यांनी मान वर करून छत पाहावे. इतके रुंद सपाट छत खांबाविना तोलायचे, तर वरचा कातळ एकसंध असल्याचा अंदाज खोदणाऱ्यांना आधीच असला पाहिजे.

दर्शन घेऊन बहुतेक लोक तिथूनच खाली उतरतात. शेजारचे सहावे लेणे, म्हणजे मुख्य चैत्यगृह, त्यामुळे रिकामे असते. खांबांच्या माथ्यावर हत्ती, सिंह असे प्राणी बसलेले आहेत आणि वर लाकडी फासळ्यांची नक्कल दगडात केली आहे. लाकडी बांधकामाची सवय असलेल्या कारागिरांनी दगडातही लाकूडच कोरले. दारावरच्या लेखानुसार कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिले. कल्याण म्हणजे नाणेघाटाच्या पायथ्यापलीकडचे बंदर. आदल्या सहलीत घाट पाहून आलेल्या मुलाला या एका नावावरून वाट जुळवता येते. शिवाय माकडांवर लक्ष ठेवावे लागते. प्रसादाची पिशवी हातात दिसली की ती गेलीच म्हणून समजावे.

शिवनेरी गावाला चिकटूनच आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यां’चा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यातल्या बारा किल्ल्यांत शिवनेरी आहे. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म इथे झाला, हे शाळकरी पोरही जाणते. त्या आधीचा आणि नंतरचा शिवनेरी मात्र फारसा सांगितला जात नाही. गडाच्या कातळातली लेणी आणि पाण्याच्या पोढ्या किल्ल्याच्याही कित्येक शतके आधीच्या. १४९० मध्ये मलिक अहमदने बहमनी सत्ता झुगारली तेव्हा तो जुन्नरलाच होता. निजामशाही इथे सुरू झाली, अहमदनगर शहर त्यानंतर वसले. महाराजांनी १६५७ मध्ये जुन्नरची मोगल पेठ लुटली, पण ज्या गडावर जन्म झाला तो गड त्यांना हयातीत घेता आला नाही. शिवनेरी मराठ्यांकडे कायमचा आला तो अठराव्या शतकात. ही गोष्ट मुलांना सांगितली की ती चकित होतात आणि ‘का नाही घेता आला?’ असे विचारतात. त्याचे उत्तर गडाची रचनाच देते.

गडावर जाणारी मुख्य वाट सात दरवाजांतून जाते. महादरवाजा, पीर दरवाजा, परवानगी दरवाजा, हत्ती दरवाजा, शिपाई दरवाजा अशी त्यांतली नावे आहेत. प्रत्येक दरवाजाशी वाट वळते, त्यामुळे पुढचा दरवाजा आधी दिसत नाही आणि चढणारा वरच्या तटाच्या माऱ्यात येतो. हत्तीला धडक मारायला लागणारी मोकळी जागाही दरवाजापुढे नाही. पायऱ्या रुंद आणि बांधलेल्या आहेत. साधारण तासाभरात सावकाश वर पोचता येते. दुसरी साखळीची वाट थेट कातळावरून जाते; लहान मुलांना आणि गिर्यारोहणाची सवय नसलेल्यांना तिकडे नेऊ नये. मुख्य वाटेवरच शिवाईदेवीचे देऊळ आहे. महाराजांचे नाव या देवीवरून ठेवले, असे मानतात. वर अंबारखाना म्हणजे धान्याचे कोठार, गंगा-जमुना नावाची बारमाही पाण्याची टाकी, कमानी मशीद, जन्मस्थानाची दुमजली इमारत आणि तिच्या पलीकडे बदामी तलाव आहे. धान्य आणि पाणी गडावरच असल्याने वेढा घालणाऱ्याला वर्षानुवर्षे थांबावे लागले असते. उत्तर टोकाला कडेलोटाची जागा आहे. परंपरा सांगते की, सतराव्या शतकाच्या मध्यास बंड करणाऱ्या महादेव कोळ्यांची मोगलांनी या गडावर कत्तल केली. त्याची खूण म्हणून कोळी चौथरा दाखवतात. घाईत आलेल्या सहली तिथे थांबत नाहीत. गडाच्या परिसरातल्या आदिवासी समाजासाठी मात्र ती जागा मानाची आहे.

शिवनेरी आणि लेण्याद्री या दोन्ही ठिकाणी कड्याला आग्या मोहोळे लागतात. माश्या उठून लोक जखमी होण्याचे प्रकार घडलेले आहेत. फटाके, धूर, ड्रोन, आणि अंगावरचे उग्र अत्तरसुद्धा त्यांना चिडवते. मुलांना हे निघण्यापूर्वीच सांगून ठेवणे बरे. उन्हाळ्यात दोन्हीकडे सावली कमी, म्हणून सकाळी आठच्या आत पायथ्याशी असावे.

गावात दोन तास ठेवावेत. जुन्नरी कागद पेशवाईत नावाजलेला होता. तो धंदा आता नाही. गावाजवळ हापूसबागेत सौदागर घुमट ही निजामशाही काळातली देखणी दगडी इमारत उभी आहे. तिच्या भिंतींवरचे कोनाडे आणि नक्षी पाहायला फार वेळ लागत नाही. जेवायला मासवडी मागावी. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यातला हा मानाचा शाकाहारी पदार्थ. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर पातळ थापतात, त्यावर भाजलेले तीळ, सुके खोबरे, लसूण आणि मसाल्याचे सारण पसरतात, फडक्यानेच गुंडाळी करतात आणि वड्या कापतात. काप माशाच्या तुकडीसारखा दिसतो. सोबत झणझणीत काळा रस्सा आणि बाजरीची भाकरी. रस्सा लहान मुलांना सोसत नाही, वडी नुसती खाता येते.

जुन्नरच्या उत्तरेचा माळशेजकडचा फाटा हा स्वतंत्र दिवस. पिंपळगाव जोगे धरणाच्या जलाशयावर पाणपक्षी भरपूर असतात, रोहितही दिसतात. त्याच्या काठच्या खिरेश्वरात नागेश्वराचे जुने देऊळ आहे. छतावर शेषशायी विष्णू कोरलेला आहे. हरिश्चंद्रगडाची एक वाट याच गावातून वर जाते, पण ती दिवसाच्या कौटुंबिक सहलीची नव्हे. माळशेज घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात, म्हणून हा फाटा हिवाळ्यातच घ्यावा.

जुन्नरच्या खाली कुकडी येडगावच्या जलाशयात पसरते. त्याच्या काठावर ओझर आहे. विघ्नहराच्या देवळाला दगडी तट आहे आणि मोठ्या दीपमाळा आहेत. वसईच्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी शिखर सोन्याने मढवले, असे सांगतात. घाट बांधलेला आहे, नौकाविहार आहे, भक्तनिवास आहे. वयस्कर मंडळींना सर्वांत कमी त्रासाचे ठिकाण हेच. जवळचे नारायणगाव मीना नदीवर आहे. पुणे-नाशिक महामार्गावरचे हे गाव टोमॅटोच्या बाजारासाठी आणि तमाशासाठी प्रसिद्ध. विठाबाई नारायणगावकर इथल्याच. गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरवायला हंगामात इथे फडांच्या राहुट्या पडतात आणि प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा फलक लागतो.

नारायणगावाहून पंधराएक किलोमीटरवर खोडद. तिथे ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ ही दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. १४ अँटेना साधारण एका चौरस किलोमीटरमध्ये एकवटलेल्या आहेत, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. त्यामुळे खोडदला पोचण्याआधीच कांद्याच्या शेतापलीकडे अचानक एखादी अजस्र थाळी दिसते. जवळून पाहिल्यावर लक्षात येते की ही थाळी भरीव नाही. पोलादी तारांच्या दोरांवर ताणून बसवलेली ती बारीक जाळी आहे. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना जाळीची भोके जाणवत नाहीत, त्या जाळीवरूनही भरीव पत्र्यासारख्याच परावर्तित होतात. वारा मात्र जाळीतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च वाचला. सर्व अँटेनांचे संदेश एकत्र करून संगणक जे चित्र उभे करतो, त्यातला बारकावा २५ किलोमीटर रुंद दुर्बिणीच्या तोडीचा असतो. पावणेनऊ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संदेश या दुर्बिणीने टिपल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले.

ही जागा निवडण्यामागे कारण होते. डोंगरांनी वेढलेल्या या भागात मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी होता आणि पुणेही फार लांब नव्हते. आवारात मोबाइल बंद ठेवायला लावतात ते हा गोंगाट टाळण्यासाठी. त्यात गुप्ततेचा काही भाग नाही. भेटीला पूर्वपरवानगी लागते आणि ती ठराविक दिवशीच मिळते. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला मात्र इथे मोठे विज्ञान प्रदर्शन भरते. गावोगावच्या शाळा आपले प्रयोग घेऊन येतात आणि शास्त्रज्ञ स्वतः अँटेनाखाली उभे राहून प्रश्नांची उत्तरे देतात. मुलांना नेण्यासाठी वर्षातला याहून चांगला दिवस नाही.

खोडदच्या परिसरातच कुकडीकाठी बोरी बुद्रुक आहे. नदीच्या काठच्या थरांत तिथे पांढुरकी ज्वालामुखी राख सापडली आणि तिच्या जोडीने अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्यामुळे ही राख इथली असणे शक्य नाही. सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीचा सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी प्रचंड उद्रेक झाला, त्याची ती राख, असे अनेक संशोधक मानतात. काही मोजणींनी तिचे वय त्याहून कितीतरी जास्त, काही लाख वर्षे आले आहे. हा वाद हत्यारांच्या वयाशी, म्हणजे इथे माणूस केव्हापासून वावरतो याच्याशी जोडलेला आहे. राखेचा थर खणून पिशवीत भरून नेणे हे संशोधनाचे नुकसान आहे. पाहावे, फोटो काढावा आणि तसेच सोडावे.

नदीच्या खालच्या अंगाला, पारनेर आणि शिरूर तालुक्यांच्या हद्दीवर, निघोजची कुंडे आहेत. भूगोलाच्या पुस्तकातले रांजणखळगे ते हेच. पात्रातल्या बेसाल्टच्या भेगांत दगडगोटे अडकतात, पुराचे पाणी त्यांना गरगर फिरवते आणि ते खडकाला घासून खळगा खोल करत जातात. शेजारचे दोन खळगे वाढत वाढत एकमेकांना मिळतात. अशा हजारो वर्षांच्या घासणीने पात्राचा खडक पार पोखरून निघाला आहे. काही खळग्यांच्या तळाशी ते गोल गुळगुळीत गोटे अजून पडलेले दिसतात. काठावर मळगंगेचे देऊळ आहे. कुंडांच्या कडा गुळगुळीत आहेत, खोली डोळ्यांना कळत नाही आणि धरणातून पाणी सोडले की पात्र बघता बघता भरते. पोहता येणारेही इथे बुडाले आहेत. पाण्यात उतरू नये, हा नियम इथे वयाचा विचार न करता सर्वांना लागू.

एसटीने येणाऱ्यांना जुन्नर आणि नारायणगाव ही दोन स्थानके सोयीची. शिवनेरी, लेण्याद्री आणि ओझरला रिक्षा वा जीप मिळते. घाटघर, पूर, बोरी आणि निघोजसाठी स्वतःचे किंवा दिवसभराच्या भाड्याचे वाहनच घ्यावे, कारण तिकडच्या गाड्या मोजक्या असतात. घाटघरच्या वाटेवर आपटाळ्याच्या पुढे खाण्यापिण्याची खात्री नाही. डबा आणि पाणी घरूनच न्यावे आणि कचरा घरी परत आणावा.

सगळे टप्पे करायला चार-पाच सुट्या लागतात. ज्यांच्या हाताशी एकच दिवस आहे आणि बरोबर शाळकरी मुले आहेत, त्यांनी सकाळी शिवनेरी, दुपारी मासवडीचे जेवण आणि उन्हे कलल्यावर तुळजा लेणी एवढेच करावे. लेण्याद्रीच्या गणपतीला पुन्हा यावे, आणि तेव्हा सहाव्या लेण्यात शिरायला विसरू नये.